पाइनचं तेल वडिलांच्या खोकल्याला आणि गुडघ्याला चालेल का? आधी बाटली बघू

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात एक नाही, पाच प्रश्न आहेत. तुमचे वडील 64 वर्षांचे. टॉवेलच्या कारखान्यात 35 वर्षं मागावर काढली आणि मागच्या दिवाळीपासून घरी आहेत. महिनाभर सकाळचा खोकला आणि कफ आहे, गुडघेही दुखतात. चुलतभावाने दोन वर्षांपूर्वी मसुरीहून ‘शुद्ध पाइन तेला’ची छोटी बाटली आणली होती. ती संपत आली म्हणून तुम्ही इथल्या केमिकलच्या दुकानातून लिटरभर पाइन ऑइल स्वस्तात आणलंत. आता वाफेत किती थेंब घालायचे, गुडघ्याला थेट चोळलं तर चालेल का, साखरेवर दोन थेंब पोटात घ्यायचे का (व्हिडिओत सांगितलंय म्हणून), पावणेतीन वर्षांच्या मुलीच्या उशीवर शिंपडायचं का, आणि सोसायटीतल्या पाइनच्या झाडाची पानं उकळली तर तेच गुण मिळतील का, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापूरच्या पूर्व भागात 24 वर्षं वैद्यकी करते. शिक्षण आयुर्वेदाचं. माझ्याकडे येणाऱ्यांत यंत्रमाग कामगार आणि विड्या वळणाऱ्या बायका जास्त, त्यामुळे खोकला आणि सांधे हेच माझं रोजचं काम. ते लिटरचं कॅन आजच बाजूला ठेवा. ना वाफेला, ना गुडघ्याला, ना पोटात. का ते सांगते.

‘पाइन ऑइल’ या एका नावाखाली बाजारात तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिलं, पाइनच्या सुईसारख्या पानांपासून वाफेने काढलेलं तेल. औषधी वापर म्हणून जे काही लिहिलं गेलंय ते बहुतेक याच तेलाबद्दल, आणि तेही युरोपातल्या स्कॉट्स पाइन किंवा बुटक्या डोंगरी पाइनच्या तेलाबद्दल. दुसरं टर्पेंटाइन, म्हणजे आपलं तारपीन. हिमालयात उत्तराखंड, हिमाचलकडे चीड पाइनच्या खोडाला खाचा पाडून डिंकासारखा चीक गोळा करतात. तिकडे त्याला लिसा म्हणतात. तो ऊर्ध्वपातनाला लावला की उडून जाणारा भाग म्हणजे टर्पेंटाइन आणि मागे उरतो तो बेरजा, जो आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. तिसरं, टर्पेंटाइनवर आम्लाची प्रक्रिया करून कारखान्यात बनवलेलं पाइन ऑइल. त्यात मुख्यतः टर्पिनिऑल असतं आणि त्याचा उपयोग पांढरं फिनाईल बनवायला होतो. केमिकलच्या दुकानात लिटरवर मिळतं ते हे तिसरं. कॅनवर अमुक टक्के असा आकडा असेल आणि झाडाचं नाव कुठेच नसेल तर शंकाच ठेवू नका. ते फरशीसाठी आहे.

वास जवळजवळ तोच येतो म्हणून माणूस फसतो. माझ्याकडे एक बाई नवऱ्याला अशाच तेलाची वाफ देऊन आल्या होत्या. वाफारा घेताना नवऱ्याचे डोळे लाल झाले, घसा धरला, आणि खोकला होता त्याच्या दुप्पट झाला. त्यांनी सोबत आणलेल्या बाटलीवर दुकानदाराने पेनाने फक्त ‘पाइन’ लिहिलं होतं. दुकानदाराची चूक म्हणता येणार नाही. त्यांनी मागितलं तेच त्याने दिलं.

झाडाचं एका ओळीत सांगते. सोलापुरात सोसायटीच्या आवारात ज्याला लोक पाइन म्हणतात ते बहुतेक सुरूचं झाड असतं. त्याच्या बारीक हिरव्या काड्या सुईसारख्या दिसतात, पण त्याचं पाइनशी काही नातं नाही. त्या उकळून गरम पाण्यापलीकडे हाती काही लागणार नाही.

आता मसुरीच्या बाटलीकडे येऊ. त्यावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, झाडाचा कोणता भाग वापरला, बॅच आणि तारीख यांतलं काय लिहिलंय ते बघा. तिथल्या डोंगरात चीड पाइन भरपूर, त्यामुळे ते बहुधा चिडाचं तेल असेल, आणि चिडाच्या टर्पेंटाइनमध्ये 3-कॅरीन नावाचा घटक बराच असतो. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ही तेलं खरंच काय करतात? पाइनच्या तेलात पाइनीन, लिमोनीन, कॅम्फीन, बॉर्निल अ‍ॅसिटेट असे उडून जाणारे घटक असतात. ते श्वासातून आणि कातडीतूनही रक्तात जातात. छातीत ते स्राव थोडा पातळ करतात आणि कफ सुटायला मदत होते. कातडीवर चोळल्यावर तिथलं रक्ताभिसरण वाढतं, ऊब येते आणि त्या उबेने आतली दुखणारी जाणीव काही वेळ मागे पडते. पूर्वी दवाखान्यात टर्पेंटाइन, कापूर आणि साबण घालून केलेलं पांढरं लिनिमेंट (चोळायचं पातळ औषध) मिळायचं, त्याचं काम हेच. आजही छातीला चोळायच्या बामची डबी उलटी करून बघा, ‘तारपीन का तेल’ दिसेल. जर्मनीत औषधी वनस्पतींसाठी नेमलेल्या कमिशन ई या समितीने पाइनच्या पानांचं तेल श्वसनमार्गाच्या कफाच्या तक्रारींसाठी, आणि सांधे-स्नायूंच्या दुखण्यावर बाहेरून लावायला मान्य केलं. मात्र त्याच नोंदीत दमा आणि डांग्या खोकला असणाऱ्यांना ते देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. गुणांची यादी फिरते तेव्हा नेमकं हे वाक्य गळून पडतं.

जंतू मारण्याचं म्हणाल तर प्रयोगशाळेत काचेच्या बशीत पाइनीनने जंतू मरतात, हे खरं. पण बशीत वापरतात तितकी मात्रा फुप्फुसात पोचवायची तर आधी फुप्फुसच भाजेल. म्हणून ‘पाइनच्या वाफेने इन्फेक्शन जातं’ असं मी कुणालाही सांगत नाही. टर्पेंटाइनपासूनच बनणारं टर्पिन हायड्रेट एके काळी खोकल्याच्या औषधांत सर्रास असायचं. परिणामकारकतेचा पुरेसा पुरावा नाही म्हणून अमेरिकेत ते बाजूला पडलं. उलट मिर्टॉल नावाचं एक औषध जर्मनीत अजून वापरात आहे. त्यात लिमोनीन, सिनिऑल आणि पाइनीन मोजून-मापून, आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूलमध्ये दिलेलं असतं, आणि ब्राँकायटिसवर त्याच्या रीतसर चाचण्या झाल्या आहेत. म्हणजे या घटकांत दम आहे. पण घटक माहीत, मात्रा माहीत, वाट माहीत, अशा कॅप्सूलची गोष्ट वेगळी आणि साखरेवरच्या थेंबाची वेगळी.

आयुर्वेदाच्या नावाने जे सांगितलं जातं त्याबद्दल मला जरा जास्त बोलावंसं वाटतं, कारण ते माझं शास्त्र आहे. चीड म्हणजे ग्रंथांतला ‘सरल’. भावप्रकाश या ग्रंथात तो स्निग्ध, उष्ण, आणि कान, घसा, डोळे यांच्या रोगांवर उपयोगी म्हटला आहे. देवदार वेगळा. तो पाइनच्या कुळातला खरा, पण झाड दुसरं. आता ‘कानाच्या रोगांवर सरल’ एवढं वाक्य उचलून कुणी कानात तारपीन घालतो, आणि पडद्याची आग आग घेऊन माझ्याकडे येतो. ग्रंथात कृती काय आहे? दीपिका तैल. देवदार, कुष्ठ (ही एक औषधी वनस्पती) किंवा सरल यांची काडी घ्यायची, तिला कापड गुंडाळायचं, तेलात भिजवायची आणि एका टोकाला पेटवायची. तिच्यातून थेंब थेंब गळतं ते कोमट तेल. म्हणजे मुख्य द्रव्य तेलच, लाकडाचा अर्क त्यात उतरलेला. आपल्या बहुतेक औषधी तेलांचं असंच आहे: काढा, कल्क (वाटून केलेली चटणी) आणि तीळतेल एकत्र शिजवून तेल सिद्ध करायचं. बाटलीतलं उडणारं तेल म्हणजे त्या लाकडातला एकच अंश, कितीतरी पटींनी एकवटलेला. ग्रंथातले गुण जसेच्या तसे त्याला चिकटवता येत नाहीत. (दीपिका तैल घरी करू नका, आगीचा खेळ आहे. केवळ फरक कळावा म्हणून सांगितलं.)

तारपिनाचा एक उपयोग मात्र मी स्वतः पाहिला आहे. जखमेत किडे पडले की टर्पेंटाइनचा बोळा लावतात. वास आणि दाह सहन न होऊन आतले किडे वर येतात, मग डॉक्टर ते चिमट्याने काढतात. गावाकडे जनावरांच्या जखमांना हेच करतात, आणि पोटफुगी झाली की पशुवैद्य गोडेतेलात मिसळून टर्पेंटाइन पाजतात. हे पाहिलेली माणसं ‘गुरांना चालतं तर माणसाला का नाही’ असं विचारतात. गाईचं वजन चारशे किलो, पोटाची रचना वेगळी आणि मात्रा पशुवैद्याने ठरवलेली. हा हिशेब तुमच्या वडिलांना लागू होत नाही.

आता 3-कॅरीन. ही तेलं हवेत आणि उष्णतेत बिघडतात. बाटली अर्धी झाली की उरलेल्या जागेत हवा भरते, तेल हळूहळू ऑक्सिजन धरतं आणि त्यातून पेरॉक्साइड तयार होतात. कॅरीन यात फार पुढे. हे पेरॉक्साइड कातडीला अ‍ॅलर्जी जडवतात. सुगंध उद्योगाचा आंतरराष्ट्रीय दंडकच आहे की पाइनच्या कुळातल्या तेलांत पेरॉक्साइड लिटरला 10 मिलिमोलच्या आत असावं. आता आपल्या गावाचा उन्हाळा आठवा. पारा 43 वर, घर पत्र्याचं, आणि बाटली कपाटावर पत्र्याच्या हातभर खाली. तिथे तेलाचं काय होत असेल?

एका कारखान्यातले जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, माझ्याकडे आले होते. उजव्या गुडघ्यावर लालभडक चौकोन, कडा पट्टीने आखल्यासारख्या, आत बारीक बारीक पाण्याचे फोड. रात्री तेल चोळून वर निकॅप चढवली होती, त्या निकॅपचाच आकार उमटला होता. बाटली मागवली. झाकण हाताने उघडेना, कडेने चिकट पिवळा थर जमलेला. तेल पाण्यासारखं पातळ राहिलं नव्हतं आणि वासात तो झाडाचा गोडसरपणा नव्हता, रंगाच्या डब्यासारखा झणका होता. तीन उन्हाळे काढलेली बाटली. पुरळ पंधरा दिवसांत गेलं. अ‍ॅलर्जी गेली नाही. पुढे तारपीन असलेला साधा बाम लावला तरी त्यांना खाज सुटायची. एकदा शरीराने ओळख धरली की ती सहसा जात नाही, म्हणून मी जुन्या तेलाबाबत इतकी कडक आहे.

तुमची बाटली दोन वर्षांची, तीही संपत आलेली, म्हणजे आत हवाच जास्त. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. चांगलं तेल काही तासांत उडून जातं आणि डाग उरत नाही. चिकट किंवा तेलकट गोल राहिला तर तेल बिघडलंय, नाहीतर त्यात दुसरं काही मिसळलंय. दोन्हींपैकी काहीही असलं तरी टाकून द्या. माझा अंदाज, तुम्हाला ती टाकावीच लागेल.

नवीन घ्यायचं ठरवलंत तर लहान, गडद काचेची, नाव-भाग-तारीख असलेली 10 मिलीची बाटली घ्या. फ्रीजच्या दारात ठेवा. उघडल्यावर वर्षाच्या आत संपवा. गुडघ्यासाठी 30 मिली तीळतेलात 10 थेंब, याहून जास्त नाही. वडिलांच्या वयाची कातडी पातळ असते म्हणून मी पहिल्या आठवड्यात 5 थेंबांवरच ठेवते. आपल्याकडे घरात करडईचं तेल असतं, तेही चालतं, पण ते लवकर खवट होतं, तेव्हा थोडंथोडंच मिसळा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावून दोन दिवस बघा. मग गुडघ्याला लावा. वर निकॅप नको, गरम पाण्याची पिशवी नको, उन्हात बसणं नको. फाटलेल्या किंवा खाजवलेल्या कातडीवर अजिबात नको. गुडघ्यातली झीज याने भरून येणार नाही. संध्याकाळचा ठणका तासभर कमी झाला की त्या तासात मांडीचे व्यायाम करून घ्यायचे, माझ्या लेखी तेलाचा खरा फायदा तोच.

वाफेचं आता. वडिलांना दमा किंवा छातीत शिट्टी वाजणं असेल तर तेलाची वाफ बिलकुल नको. ते पक्कं माहीत नसेल तोवर साध्या पाण्याची वाफ द्या. डॉक्टरांनी दमा नाही असं सांगितल्यावर एक लिटर गरम पाण्यात दोन थेंब, डोळे मिटून, पाच मिनिटं. पातेलं टेबलावर ठेवा, मांडीवर नाही. उकळत्या पाण्याने भाजलेली माणसं मी तेलाने त्रास झालेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

पण या सगळ्यापेक्षा मला खोकल्याची काळजी जास्त वाटते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासायचा, हा क्षयरोग कार्यक्रमाचा साधा नियम आहे आणि सिव्हिलमध्ये ही तपासणी मोफत होते. तुम्ही महिना लिहिलाय. शिवाय 35 वर्षं सुताच्या धुळीत. कामावर असताना आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी व्हायची का, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटायचं का, हे त्यांना विचारा. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची ही ओळख आहे. विडी ओढायचे का, तेही विचारा. मग छातीचा एक्स-रे आणि नळीत जोरात फुंकायची ती श्वासाची तपासणी करून घ्या. वजन उतरलंय, संध्याकाळी अंग कोमट होतं, बेडक्यात रक्ताची रेघ दिसते, यांतलं एक जरी असेल तर उद्याच जा. पाइनच्या वाफेने दोन दिवस मोकळं वाटतं आणि तपासणी महिनाभर पुढे ढकलली जाते, असं मी अनेक घरांत पाहिलंय. तेलाचा हा तोटा कुठल्याच लेबलवर लिहिलेला नसतो.

मुलीच्या उशीवर काहीही शिंपडू नका. इतक्या लहान मुलांना उग्र वासाच्या तेलांनी श्वासनलिकेचं तोंड अचानक आवळलं जाऊ शकतं, आणि कापूर असलेल्या गोष्टींनी झटकेही येऊ शकतात. तिच्या सर्दीला मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब, कोमट वरणाचं पाणी आणि डोकं जरा उंच, एवढं पुरे.

आणि साखरेवरचे थेंब. पोटात गेलेलं तारपीन आतडी आणि मूत्रपिंडं दोन्हींना त्रास देतं. प्यायलेल्या माणसाच्या लघवीला व्हायोलेटच्या फुलांसारखा वास येतो, असं विषशास्त्राच्या पुस्तकात आम्ही शिकलो होतो. मोठ्या माणसाला दोन थेंबांनी लगेच काही होणार नाही, पण दोनाचे दहा व्हायला वेळ लागत नाही, आणि लहान मुलाच्या जिवावर बेतायला 15 मिली, म्हणजे तीन चमचे पुरेसे ठरलेले आहेत. तुमच्या घरात पावणेतीन वर्षांची मुलगी आणि लिटरचं कॅन एकत्र आहे. ते आज कुलपात ठेवा. पाण्याच्या बाटलीत तर ओतूच नका. चुकून कुणी प्यायलंच तर उलटी करवू नका, कारण उलटीतून तेल फुप्फुसात गेलं की खरा घात होतो. बाटलीसकट थेट सिव्हिल गाठा.

त्या लिटरचं काय करायचं तेही सांगते. ज्या दुकानातून आणलंत तिथे सीलबंद असेल तर परत करा. उघडलं असेल तर ओळखीत कुणी फिनाईल बनवणारं असेल त्यांना द्या. घरीच फरशीला वापरणार असाल तर वडिलांचा खोकला थांबेपर्यंत तेही नको, त्या वासाने छाती आणखी धरेल. आणि बेडक्याचा निकाल आला की मला इथेच कळवा, सोबत एक्स-रेच्या अहवालातली वाक्यं जशीच्या तशी लिहा. गुडघ्याचं आपण त्यानंतर बघू.